सांगली-मिरज शहर बस: मार्ग बदलण्याचे पर्याय कसे तपासावेत

सांगली, मिरज आणि कुपवाडच्या शहर बससेवेचा विषय निघाला की पहिली मागणी नव्या मार्गाची होते. तरीही पर्यायांच्या यादीत सर्वात वर 'आहे तोच मार्ग ठेवून फेऱ्या वेळेवर सोडणे' हा पर्याय लिहावा आणि बाकीचे सर्व पर्याय त्याच्याशी ताडून पाहावेत, असे माझे ठाम मत आहे.

त्यासाठी आधी थांब्यावर उभे राहावे लागते. विश्रामबागच्या थांब्यावर सकाळी महाविद्यालयांच्या वेळेला, भर दुपारी आणि कुपवाड एमआयडीसीतील पाळी सुटताना प्रत्येक गाडीची वेळ, चढणारे, उतरणारे आणि गर्दीमुळे मागे राहिलेले प्रवासी वहीत टिपावेत. वडाप रिक्षा, म्हणजे माणशी भाडे घेऊन प्रवासी भरणाऱ्या रिक्षा, कुठे भरतात तेही पाहावे, कारण गाडीची खरी गरज तिथे उघड दिसते. तासाला तीन गाड्या बरोबर वीस-वीस मिनिटांनी आल्या तर प्रवाशाला सरासरी १० मिनिटे थांबावे लागते. पण त्यांतल्या दोन एकापाठोपाठ आल्या आणि पुढे २० व ४० मिनिटांची अंतरे पडली, तर गाड्या तेवढ्याच असूनही सरासरी सुमारे १७ मिनिटांवर जाते. हे दुखणे नवा मार्ग आखून बरे होत नाही.

त्यानंतर गाड्यांचा हिशेब करावा. जाऊन-येऊन लागणारा वेळ, दोन्ही टोकांच्या विश्रांतीसह, दोन फेऱ्यांमधील अंतराने भागला की लागणाऱ्या गाड्यांची संख्या मिळते. समजा, सांगली स्थानक ते मिरज या फेरीला एकूण १०० मिनिटे लागतात. दर २० मिनिटांनी गाडी सोडायची तर पाच गाड्या हव्यात. हीच गाडी आतल्या वसाहतीतून वळवून प्रत्येक दिशेला १० मिनिटे वाढली, तर त्याच पाच गाड्यांत अंतर २४ मिनिटांवर जाते किंवा सहावी गाडी आणावी लागते. वळणामुळे किती जणांची पायपीट वाचली आणि सरळ जाणाऱ्या किती जणांचा वेळ वाढला, या दोन्ही आकड्यांची मांडणी शेजारीशेजारी केल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

केवळ वाहकाकडे जमा झालेल्या रोख रकमेवरून मार्गाची किंमत ठरवणेही चुकीचे आहे. पासवर किंवा सवलतीच्या तिकिटावर जाणारे प्रवासी रोख रकमेत पुरते दिसत नाहीत; म्हणून भारमान (गाडीची क्षमता किती टक्के भरते ते) आणि प्रवासीसंख्या वेगळी मोजावी. मिरजेच्या रुग्णालयांत उपचारांसाठी जाणारे वृद्ध आणि त्यांच्यासोबतचे नातेवाईक यांना मधे गाडी बदलावी लागणे किती जड जाते, हे कोणत्याही उत्पन्नाच्या तक्त्यात उमटत नाही. अशा प्रवासासाठी थेट गाडीला मी जास्त गुण देईन.

पुराचा विचारही सांगलीत टाळता येत नाही. २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेचे पाणी शहरात शिरले होते, त्यामुळे आयर्विन पुलापाशी पातळी वाढू लागली की गाडी कुठून फिरवायची आणि कोणत्या थांब्यावर संपवायची, हे प्रत्येक पर्यायासोबत आधीच लिहून ठेवावे.

निवडलेला पर्याय काही महिने चालवून पाहावा आणि सुरुवातीला केलेली मोजणी त्याच थांब्यांवर, त्याच वेळांना पुन्हा करावी. सुट्टीच्या काळात केलेली मोजणी महाविद्यालये सुरू असतानाच्या मोजणीशी जुळवू नये.