पोपची राजसत्ता कशी अभ्यासावी : सुरुवात अंगठी आणि दंडापासून

मध्ययुगीन युरोपात धर्मगुरूंच्या हाती राजसत्ता कशी आली, हे समजून घ्यायचे असेल तर पोपांच्या लांबलचक नामावळीपासून सुरुवात करू नये. नवा बिशप, म्हणजे एका प्रदेशातील चर्चचा प्रमुख, पदावर बसताना त्याच्या हाती अंगठी आणि दंड (काठी) ही धर्माधिकाराची चिन्हे कोण देतो, हा एकच प्रश्न मनाशी धरून पुढे जावे.

राजाला ही नेमणूक आपल्याच हाती का हवी होती, ते आधी पाहावे. जर्मनीतील बिशपांकडे मोठमोठ्या जहागिऱ्या होत्या. ते न्यायनिवाडा करत आणि राजाच्या मोहिमेसाठी घोडेस्वार पाठवत. सरदाराची जहागीर त्याच्या मुलाकडे जाई. बिशपला मात्र कायदेशीर वारस नसे, त्यामुळे ती दर वेळी आपल्या मर्जीतल्या माणसाला देण्याची संधी राजाला मिळे. १०७५ मध्ये जर्मनीचा राजा चौथा हेन्री याने इटलीतील मिलानला आपला आर्चबिशप (वरिष्ठ बिशप) नेमला आणि पोप सातव्या ग्रेगरीने त्याला हरकत घेतली, तेव्हा वाद या मुळाशीच होता.

मग फेब्रुवारी १०७६ मधील बहिष्काराकडे वळावे. येथे घाई करू नये. हेन्रीला धर्माबाहेर काढताना ग्रेगरीने त्याच्या प्रजेला राजनिष्ठेच्या शपथेतूनही मोकळे केले, आणि माझ्या मते खरा घाव तोच होता, कारण राजाशी आधीपासून वैर असलेल्या सरदारांना बंडासाठी धर्माचा आधार मिळाला. वर्षाच्या आत बहिष्कार उठला नाही तर आम्ही तुला राजा मानणार नाही, असे त्यांनी बजावले.

जानेवारी १०७७ मध्ये हेन्री, ग्रेगरी जेथे मुक्कामाला होता त्या इटलीतील कनोसाच्या किल्ल्याच्या दाराशी तीन दिवस अनवाणी, लोकरीच्या साध्या वस्त्रात उभा राहिला, हे वर्णन ग्रेगरीने जर्मन सरदारांना लिहिलेल्या पत्रात आहे. ते वाचताना पत्र कोणाला लिहिले आहे, हे विसरू नये : सरदारांची वाट न पाहता हेन्रीला क्षमा का केली, याचा खुलासा ग्रेगरीला करायचा होता, म्हणून राजाच्या पश्चात्तापावर त्याने एवढा भर दिला.

कनोसापाशी थांबणे ही नेहमीची चूक आहे. १०८४ मध्ये हेन्रीने रोम घेतले आणि पुढच्याच वर्षी ग्रेगरी सालेर्नोला परागंदा अवस्थेत मरण पावला. ११२२ मध्ये पोप आणि सम्राट (ही पदवी जर्मन राजाकडे असे) यांच्यात झालेल्या वर्म्सच्या तहात अंगठी आणि दंड चर्चकडे गेले, जहागिरीसाठीचा राजदंड सम्राटाने द्यायचा ठरला. जर्मनीत निवडीच्या वेळी हजर राहण्याचा हक्कही त्याने राखला.

शेवटी हाच प्रश्न इंग्लंडला लावून पाहावा. कँटरबरीचा आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख, कोण, यावरून राजा जॉन आणि पोप तिसरा इनोसंट यांचे बिनसले. पोपच्या आदेशाने देशभरातले धर्मविधी बंद पडले, आणि १२१३ मध्ये जॉनने आपले राज्य पोपला अर्पण करून वर्षाला १,००० मार्क देण्याच्या बोलीवर मांडलिक म्हणून परत घेतले.