केशराचं बेणं घेताय? पहिले वजनकाटा काढा

आजकाल जो तो विचारून राहिला, भाऊ काश्मिरी व्हरायटी घेऊ का इराणी, कोणती जास्त फुलते. तर पहिले हे ऐका, केशराला बी धरतच नाही. गुणसूत्रांचे दोनच्या जागी तीन संच, एकूण 24, त्यांच्या जोड्या नीट लागत नाहीत म्हणून झाड वांझ. आपल्या वायगावच्या हळदीसारखंच, बेण्यावरच चालतं सगळं. मूळ ग्रीसमधल्या रानटी जातीचं, तिथून माणसानं कंदच पुढे पुढे नेले, म्हणून काश्मीरचं पांपोर, इराणचं खोरासान, स्पेनचं ला मांचा कुठलंही घ्या, डीएनए जवळपास एकच. अन् कोणी "अमेरिकन केशर" म्हणून बी विकत असंल तर ती करडी आहे बाप्पा, आपल्या बापजाद्यांनी पेरलेली, तिच्यासाठी हजारो रुपये कायले द्यायचे?

मग एका कंदाला चार फुलं अन् बाजूच्याला एकही नाही, असं काऊन? मुख्य कारण वजन. पहिल्या साली मी कंदांचं पोतं सरळ एसीच्या खोलीतल्या ट्रेमध्ये ओतलं अन् दोन महिने जातीचा फरक शोधत बसलो, तो फरक फक्त लहान-मोठ्या कंदांचा होता!

तर असं करा. सोन्याचांदीवाल्यांकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा घ्या अन् एकेक कंद मोजा. 8 ग्रॅमच्या खालचे बहुतेक फुलत नाहीत, ते मातीत वाढवायला वेगळे काढा. 8 ते 12 एक ढीग, त्याच्यावरचे दुसरा. दोन ठिकाणचं बेणं असलं तर सारख्या वजनाचेच कंद समोरासमोर ठेवा, आणि ट्रेच्या जागा अधूनमधून बदला, कारण एसीजवळचा कोपरा थंड राहते अन् तिथलं झाड वेगळं वागते. कळी आत तयार होताना 23 ते 27 डिग्री लागते, फूल बाहेर काढायला 17 च्या आसपास, हे चुकलं की चांगलं बेणंही नुसती पानं देते.

वहीत लिहा: कंदाचं वजन, कोंब किती, फुलं किती, केसराची लांबी. कोंब जास्त आले की पुढच्या साली पिल्लं (म्हणजे नवे कंद) जास्त पण बारकी, म्हणून काही जण बाजूचे कोंब खुडतात.

खरी परीक्षा दुसऱ्या सालीच. जुना कंद सुकून जाते, त्याच्यावर आलेली पिल्लं पुन्हा सारख्या वजनाची निवडून लावा. फरक मिटला तर तो कंदाच्या खाण्यापिण्याचा होता. टिकला तर मात्र सोडू नका, कारण जनुकं तीच असली तरी ती चालू-बंद होण्याच्या खुणा जागेनुसार वेगळ्या सापडल्या आहेत अन् त्यातल्या काही वर्षानुवर्षं टिकतात. कधी एखाद्या फुलाला तीनच्या जागी पाच-सहा केसरं दिसतात, लगेच फोटो टाकून "नवीन जात" म्हणू नका, बहुतेक वेळा पुढच्या साली पुन्हा तीनच. तरी तो कंद वेगळ्या कुंडीत लावा, वर तारखेची चिठ्ठी बांधा, अन् चिठ्ठी पेन्सिलीनंच लिहा, पेनाची शाई पाण्यानं धुतल्या जाते.