पिकअपचा कंपनी टेप बदलायचा आहे? मंग आधी दरवाजा खोला

राजेहो, आमच्या घरी डबल कॅब पिकअप आहे, हंगामात काटोलकडून संत्रा भरून नागपूरच्या कळमना मार्केटला जाते अन् बाकी वर्षभर घरच्यांना घेऊन लग्नाकार्याला फिरते. तिच्यात आतापर्यंत तीनदा साउंड बसला, दोनदा दुकानातून अन् तिसऱ्यांदा माझ्या हाताने घरच्या अंगणात. परवा मावसभावाचा फोन आला, "भाऊ, बर्डीला दहा इंची स्क्रीनचा अँड्रॉइड टेप पाहून आलो, उचलून टाकू का?" मी म्हटलं थांब, आधी गाडी घेऊन ये, दरवाजा पाहू. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहून राहिलो, कारण सगळे स्टिरिओपासून सुरुवात करतात अन् पैसा तिथेच संपतो.

पिकअपमध्ये आवाज खराब येते त्याचं मोठं कारण टेप नसते. दरवाज्याचा पत्रा पातळ, आतून पूर्ण रिकामा, अन् त्या पत्र्यातच प्लास्टिकच्या रिंगवर कागदी कोनचा हलका स्पीकर लटकवलेला. तुम्ही स्वतः करून पाहा, इंजिन बंद करून ढोलकीचं एखादं गाणं लावा, आवाज अर्ध्याच्या थोडा वर न्या अन् दरवाज्यावर बाहेरून तळहात टेकवा. पत्रा हाताखाली थरथरते. आता तसाच हात जोरात दाबून धरा अन् दुसऱ्या कोणाला आत बसून ऐकायला सांगा, ठोका एकदम घट्ट झालेला त्याला लगेच कळते. म्हणजे जो बेस तुम्हाला ऐकू यायला पाहिजे तो पत्रा हलवण्यात खर्च होऊन राहिला, अन् स्पीकरच्या मागचा आवाज दरवाज्याच्या भोकांमधून पुढे येऊन पुढच्या आवाजाला कापून टाकते. असल्या दरवाज्यात कितीही महागाचा स्पीकर लावा, तो पत्र्याच्या डब्यातच वाजणार.

म्हणून पहिलं काम डॅम्पिंगचं, म्हणजे पत्र्याला आतून चिकट शीट लावून त्याची थरथर मारायचं. दरवाज्याचं पॅनल काढायच्या आधी बॅटरीचा मायनस सोडून ठेवा, बहुतेक गाड्यांना दहाचा पाना लागते. पॅनलचे स्क्रू हँडलच्या मागे अन् आर्मरेस्टच्या खाली लपवलेले असतात, ते निघाले की बाकी क्लिपा असतात, त्या प्लास्टिकच्या पट्टीनं उचला, स्क्रू ड्रायव्हर घातला की पॅनलची कड फाटते. आत एक पातळ प्लास्टिकचा कागद चिकटवलेला दिसेल. तो फाडून फेकू नका, कितीतरी कारागीर फेकतात. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दरवाज्याच्या आत उतरतेच, तो कागद ते पाणी पॅनलकडे येऊ देत नाही. कागद गेला की जुलैमध्ये पॅनल फुगते अन् स्पीकरच्या मागे ओल धरते.

बाहेरच्या पत्र्याची आतली बाजू थिनरनं पुसून घ्या, धूळ अन् तेलकटपणा राहिला तर शीट निघून येते. शीट ब्युटाइल रबराचीच घ्या, दोन मिलिमीटरची, वरून अॅल्युमिनियमचा फॉइल असलेली. हे नागपूरवाल्यांसाठी खास सांगून राहिलो. पहिल्यांदा माझ्या गाडीत डांबराची स्वस्त शीट लावून दिली होती, मे महिन्यात गाडी दिवसभर उन्हात उभी, ४५ डिग्रीच्या वर पारा, अन् संध्याकाळी पाहतो तर दरवाज्याच्या खालच्या फटीतून काळा चिकट ओघळ आलेला, आत सगळी शीट घसरून खाली गोळा झालेली अन् पाणी निघायची भोकं बुजलेली. पुढच्या पावसात त्या दरवाज्यात पाणी साचलं, वळणावर डबडब आवाज यायचा. ब्युटाइल महाग पडते पण उन्हात टिकते. पूर्ण पत्रा मढवायची गरज नाही, मधल्या मोकळ्या भागात पाव ते एक तृतीयांश जागेवर लावली अन् रोलरनं दाबून बसवली की पत्र्याचा झणझणाट बंद होते. बोटानं ठोकून पाहा, आधी टण्ण वाजत होता तो आता ठक् वाजेल. मंग आतल्या पत्र्याची मोठमोठी भोकं बंद करा, अन् अगदी खालची पाणी निघायची भोकं मोकळीच ठेवा.

आता स्पीकर. दरवाज्यात कोणती साइज बसते ते आधी मोजा, बहुतेक साडेसहा इंची नाहीतर सव्वापाच इंची असते, अन् खोली मोजताना काच पूर्ण खाली करून मोजा, नाहीतर स्पीकरचं मॅग्नेट काचेला लागते. मधली रिंग एमडीएफची (लाकडाच्या लगद्याच्या दाबलेल्या पाटीची) घेऊ नका, पाण्यानं फुगते, जाड प्लास्टिकची घ्या. कंपोनंट घ्यायचे की कोअॅक्सिअल? पुढच्या दरवाज्यात कंपोनंट, म्हणजे ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) वेगळा असलेला, कारण दरवाज्यातला स्पीकर पायाजवळ असते अन् गाणाऱ्याचा आवाज गुडघ्यातून येतो असं वाटते, ट्वीटर वर आरशाच्या कोपऱ्यात नेला की आवाज समोर काचेपाशी येऊन उभा राहते. मागच्या दरवाज्यात साधे कोअॅक्सिअल, म्हणजे ट्वीटर त्यातच बसवलेले, पुरतात, अन् बजेट कमी असलं तर मागचे कंपनीचेच राहू द्या.

वायर जोडताना प्लस मायनस दोन्ही बाजूंनी सारखं पाहिजे. एक उलटा बसला तर आवाज येते, पण बेस गायब होते, माणूस महिनाभर स्पीकरला शिव्या देत राहते. शंका असली तर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या, स्पीकरच्या दोन वायरींना क्षणभर टेकवा. कोन बाहेर उडी मारला तर सेलच्या प्लसला लागलेली वायर स्पीकरची प्लस, आत गेला तर उलटी. बोटानं हलकं शिवून ठेवलं तरी ती उडी जाणवते. अॅम्प्लिफायर (आवाजाची पॉवर वाढवणारा डबा, म्हणजेच अॅम्प) किंवा टेप जोडलेला असताना हे करायचं नाही, वायरी मोकळ्या करूनच.

आता स्टिरिओकडे या. डब्यावर ४×५० वॅट लिहिलेलं असते त्याकडे पाहू नका. गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण १४.४ व्होल्टपर्यंत मिळतात, अन् तेवढ्या व्होल्टवर स्टिरिओच्या आतल्या अॅम्पमधून ४ ओहमच्या स्पीकरला सव्वीसेक वॅटच्या वर स्वच्छ पॉवर निघूच शकत नाही, हे साधं गणित आहे. प्रत्यक्षात १५ ते २० वॅट आरएमएस, म्हणजे सलग मिळणारी खरी पॉवर, मिळतात. त्यामुळे स्टिरिओ घेताना पाहायचं ते वेगळं: बाहेरच्या अॅम्पसाठी आरसीए आउटपुट (सिग्नल न्यायचे गोल सॉकेट) किती जोड्या अन् किती व्होल्टचे, हायपास फिल्टर (खालचा बेस अडवून वरचा आवाज जाऊ देणारा) आहे का, ब्लूटूथ कॉलचा माइक वेगळा लावता येते का, अन् उन्हात स्क्रीन दिसते का. सिंगल डिन म्हणजे १८० बाय ५० मिलिमीटर, डबल डिन १८० बाय १००, आपल्या डॅशमध्ये कोणता खाचा आहे ते मोजून त्याची फ्रेम सोबतच घ्या.

कंपनीची वायरिंग कापू देऊ नका. हे मी हात जोडून सांगतो. तुमच्या गाडीचा कपलर मिळते, तो कंपनीच्या सॉकेटमध्ये जाते अन् दुसरं टोक नवीन स्टिरिओला. वायर कापली की वॉरंटीच्या वेळी बोट दाखवायला जागा होते, अन् गाडी विकताना जुना टेप परत बसत नाही. नवीन सेटच्या वायरींचे रंग बहुतेक ठरलेले असतात: पिवळी कायम बॅटरीची, लाल चावी फिरवल्यावर येणारी, काळी अर्थिंग, निळी अँटेनाची, निळ्यावर पांढरा पट्टा ती अॅम्प चालू करायची. स्पीकरमध्ये पांढरी पुढची डावी, राखाडी पुढची उजवी, हिरवी मागची डावी, जांभळी मागची उजवी, अन् काळा पट्टा असलेली मायनस. पण गाडीच्या बाजूचे रंग कंपनीगणिक बदलतात, तिथे रंगावर विश्वास ठेवू नका, मल्टीमीटर लावा. पिवळी चुकून चावीच्या लाइनवर गेली तर दर वेळी गाडी बंद केली की घड्याळ अन् सेटिंग उडते. लाल अन् पिवळी दोन्ही कायम लाइनवर गेल्या तर काही दिवसांत बॅटरी बसू शकते.

निळी अँटेनाची वायर बरेच लोक मोकळी सोडतात. ज्या गाडीत अँटेनाला बूस्टर आहे तिथे ती जोडली नाही तर शहराबाहेर निघालं की एफएम खरखरते. अन् अजून एक, आमच्या बाबांना रेडिओ लागतेच, नवीन सेट बसल्यावर विविध भारतीचं १००.६ काही केल्या लागेना, आकडा १००.५ वरून सरळ १००.७ वर उडी मारे, मीडियम वेव्हवर आकाशवाणी नागपूरचं ५८५ पण सापडेना. मला वाटलं ट्यूनर खराब आहे, सेट परत करायला निघालो होतो. मंग सेटिंगमध्ये पाहिलं तर रेडिओचा प्रदेश अमेरिका ठेवलेला. तिकडे एफएम विषम आकड्यांवरच चालते अन् मीडियम वेव्ह दहा-दहाच्या टप्प्यानं, आपल्याकडे नऊ-नऊच्या. प्रदेश आशिया किंवा युरोप केला अन् दोन्ही स्टेशनं लागली.

अॅम्प लावायचा की नाही? डॅम्पिंग अन् चांगले स्पीकर झाल्यावर आठ दिवस गाडी चालवून पाहा, बऱ्याच लोकांना तिथेच समाधान होते. पण डिझेल पिकअप हायवेला ऐंशीवर गेली की इंजिन, टायर अन् वाऱ्याचा आवाज आत इतका भरते की १५ वॅट पुरत नाहीत, त्यासाठी चार चॅनलचा, दर चॅनलला ७५ वॅट आरएमएसचा क्लास डी (कमी वीज खाणारा, कमी तापणारा) अॅम्प पुष्कळ झाला. कंपनीचा टेप काढायचाच नसेल तरी चालते, स्पीकरच्या वायरीवरून हाय टू लो कन्व्हर्टर (स्पीकरचा सिग्नल अॅम्पला झेपेल इतका कमी करणारा डबा) लावून अॅम्पला सिग्नल देता येते, अन् काही अॅम्पमध्ये ती सोय आतच असते.

इथे मात्र माझा जीव खालीवर होते, कारण दुसऱ्या वेळी ज्या दुकानात अॅम्प बसवला तिथल्या पोरानं पॉवरची वायर बॅटरीवरून आणली पण फ्यूज लावला नाही, अन् फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन अन् केबिनमधल्या पत्र्यातून ती तशीच ओढली, भोकात रबरी ग्रोमेट (रिंग) न टाकता. तीन महिने पत्र्याची कड वायरीवर घासत राहिली. एका रात्री वर्धा रोडनं बुटीबोरी ओलांडली अन् जळक्या प्लास्टिकचा वास आला, मागे आई अन् माझी लहान पोरगी झोपलेली. गाडी बाजूला घेऊन बोनेट उघडलं, वायरीचं कव्हर हातभर वितळून तांबं उघडं पडलं होतं. मी पाना काढून बॅटरीचा मायनस सोडला तेव्हा हात कापत होते. म्हणून अॅम्पचा फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत लागलाच पाहिजे, दुकानदार कितीही म्हणो की अॅम्पवर फ्यूज आहे ना. अॅम्पवरचा फ्यूज अॅम्पला वाचवते, बॅटरीजवळचा फ्यूज गाडीला अन् आतल्या माणसांना वाचवते.

वायर किती जाड? ७५ चे चार चॅनल म्हणजे ३०० वॅट, क्लास डी अॅम्प ओढते त्यातलं ८० टक्के आवाजात देते असं धरलं तर ओढ ३७५ वॅट, १३.८ व्होल्टनं भागलं तर २७ अँपिअर. म्हणजे ३० चा फ्यूज अन् ८ गेजची शुद्ध तांब्याची वायर. बाजारात स्वस्त किटमध्ये अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर असते, ब्लेडनं एक तार खरवडून पाहा, आतून पांढरी चमकली तर अॅल्युमिनियम आहे, तीच वापरायची असेल तर ४ गेज घ्या, गेजचा आकडा कमी तेवढी वायर जाड. अर्थिंग अॅम्पच्या जवळच्या जाड पत्र्याला, दोन फुटांच्या आत, रंग पूर्ण खरवडून, दातेरी वॉशर टाकून. सीटबेल्टच्या बोल्टला देऊ नका. आरसीए वायर पॉवरच्या वायरीसोबत एकत्र नेली तर सिग्नलमध्ये खरखर येऊ शकते, म्हणून पॉवर एका बाजूनं अन् आरसीए दुसऱ्या बाजूनं न्या. तरीही रेस वाढवली की स्पीकरमधून चुंईऽ असा आवाज चढत जात असेल तर बहुतेक अर्थिंगच ढिली असते, आधी तीच पाहा.

अॅम्प सीटखाली लावताना चारी बाजूंनी हवा खेळू द्या, वर गालिचा टाकू नका, उन्हाळ्यात तो आधीच तापलेला असते अन् गाणं चालू असताना अचानक बंद पडते. जॅक अन् पान्याची जागा अडवू नका.

अॅम्पवरचा गेन म्हणजे आवाज वाढवायचं बटण नाही, पण सगळे तेच समजतात; तो स्टिरिओच्या सिग्नलशी अॅम्प जुळवायसाठी असते. स्पीकरच्या वायरी अॅम्पवरून काढा, अॅम्पचे फिल्टर बंद करा, स्टिरिओतले बास ट्रेबल शून्यावर, आवाज पाऊणवर, फोनवरून ५० हर्ट्झचा सलग टोन लावा, साधा मल्टीमीटर त्या फ्रिक्वेन्सीला बरोबर मोजते. मीटर एसी व्होल्टवर, त्याच्या वायरी अॅम्पच्या स्पीकर टर्मिनलला. ७५ वॅट अन् ४ ओहम असेल तर गुणाकार ३००, त्याचं वर्गमूळ १७.३, म्हणजे मीटरवर १७.३ व्होल्ट येईपर्यंत गेन हळूहळू वाढवा अन् तिथेच सोडा. स्पीकरच ५० वॅट आरएमएसचे असले तर १४.१ वर थांबा. मंग वायरी जोडून हायपास ८० हर्ट्झवर ठेवा, दरवाज्यातल्या स्पीकरला त्याखालचं काम देऊ नका. सबवूफर (फक्त खालच्या बेसचा स्पीकर, म्हणजे सब) असला तर त्याचा लोपास (वरचा आवाज अडवणारा फिल्टर) पण ८० च्या आसपास. डबल कॅबमध्ये सीटखालचा आठ इंची अॅक्टिव्ह सब (आतच अॅम्प असलेला) मावते, सिंगल कॅबमध्ये सीटमागे उथळ सबच बसवा.

काम झालं की पॅनल लावायच्या आधी काच वरखाली करून पाहा, लॉक लावून पाहा, दरवाजा दोनचारदा जोरात आपटा. पंधरा दिवसांनी, विशेषतः काटोलच्या कच्च्या रस्त्यानं चारपाच फेऱ्या झाल्या की बॅटरीजवळचा फ्यूज होल्डर, अर्थिंगचा बोल्ट अन् अॅम्पचे टर्मिनल पुन्हा एकदा कसून घ्या, पिकअपच्या कमान पाट्यांच्या दणक्यांनी सगळंच ढिलं होते. मावसभाऊ रविवारी गाडी घेऊन येऊन राहिला, अँड्रॉइड अजून घेतला नाही, ब्युटाइलच्या शीटा आणायला सांगितल्या आहेत.