ओठ आधी की आवाज आधी?

होम थिएटरमध्ये संवाद आणि ओठांची हालचाल जुळत नसेल, तर सेटिंगला हात लावण्यापूर्वी आवाज पुढे धावतो आहे की मागे पडतो आहे, हे ठरवावे. त्यासाठी बोलणाऱ्याचा चेहरा जवळून दिसणारे दृश्य लावून ‘प’, ‘ब’, ‘म’ या अक्षरांकडे लक्ष द्यावे, कारण ती उच्चारताना ओठ पूर्ण मिटतात आणि चूक लगेच पकडता येते.

बहुतेक वेळा आवाजच आधी येतो. टीव्ही चित्र अधिक गुळगुळीत व स्वच्छ करण्यात वेळ घालवतो आणि तेवढ्यात रिसीव्हरचा (स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या यंत्राचा) आवाज स्पीकरपर्यंत पोहोचलेलाही असतो. अशा वेळी रिसीव्हरमधील ‘ऑडिओ डिले’ किंवा ‘लिप सिंक’ हा आकडा शून्यापासून 10-10 मिलिसेकंदांनी वाढवत न्यावा. सेकंदाला 25 चौकटींच्या (फ्रेमच्या) चित्रात एक चौकट 40 मिलिसेकंदांची असते, हे लक्षात ठेवल्यास अंदाज चुकत नाही. त्याआधी टीव्हीवरील मोशन स्मूदिंग, म्हणजे हालचाल गुळगुळीत करणारी सोय, बंद करून पाहिलेले बरे (मला तर ते एरवीही नकोसे वाटते).

आवाज मागे पडत असेल, तर हा आकडा वाढवल्याने बिघाड वाढतोच, म्हणून तो शून्यावर आणून टीव्हीचा ऑडिओ आउटपुट पीसीएमवर (साध्या, न दाबलेल्या डिजिटल आवाजावर) ठेवून पाहावा. ब्लूटूथ स्पीकर असेल, तर आधी त्याच्यावरच संशय घ्यावा. एकाच अ‍ॅपमध्ये किंवा एकाच चित्रपटात दोष दिसत असल्यास मात्र तो बहुधा त्या अ‍ॅपचा किंवा चित्रपटाचाच असतो, म्हणून रिसीव्हरला हात लावू नये.