मूळ मार्क्स कार्डे आणि तीन वर्षांचे नर्सिंग

बारावीनंतर नर्सिंगकडे वळणाऱ्या बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या मुलींना एएनएम हा सहायक नर्सचा कोर्स दोन, जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा तीन आणि बी.एस्सी. नर्सिंग ही पदवी चार वर्षांची असते, हे माहीत असते. बी.एस्सी.ला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीसह ४५ टक्के लागतात. जीएनएमला आर्ट्सचे ४० टक्केही चालतात. मी सायन्सची असूनही जीएनएम निवडले, कारण वडील गवंडीकाम करतात आणि माझ्या पाठची दोन भावंडे शिकत होती. त्या निवडीचा मला पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप आहे तो प्रवेशाच्या घाईचा.

निकाल लागून आठवडा होतो न होतो तोच ओळखीतला एक एजंट घरी आला आणि सध्या फक्त पहिल्या वर्षाची फी भरा, म्हणाला. आईने सोसायटीत पाटल्या तारण ठेवल्या. बेळगावच्या एका खाजगी कॉलेजात आम्ही पैसे भरले आणि दहावी-बारावीची मूळ मार्क्स कार्डे व टीसी टेबलावर ठेवली. कारकुनाने ती पिवळ्या फाईलमध्ये घालून कपाटाला कुलूप लावले. आम्हाला पैशांची पावती मिळाली, कागदपत्रांची मिळाली नाही, आणि ती मागायची असते हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हते.

तीन आठवड्यांनी सरकारी नर्सिंग शाळेच्या यादीत माझे नाव लागले. तिथे मूळ कागदपत्रांशिवाय प्रवेश मिळत नव्हता, आणि इकडे कॉलेज म्हणाले की तिन्ही वर्षांची फी भरल्याशिवाय कागदपत्रे परत मिळणार नाहीत. वडील कामाच्याच कपड्यांत, चुना लागलेल्या हातांनी, ऑफिसबाहेरच्या बाकावर दुपारपर्यंत बसून राहिले. मुदत संपली आणि ती जागा गेली.

म्हणून सरकारी यादी लागेपर्यंत कुठेही मूळ कागदपत्रे देऊ नका. पडताळणीसाठी ती दाखवावीत आणि त्याच टेबलावरून परत घ्यावीत. ठेवून घ्यायचा आग्रहच झाला, तर कोणते कागद कोणत्या तारखेला घेतले याची सही-शिक्क्याची पोच मिळाल्याशिवाय उठू नये. फीसुद्धा तिन्ही वर्षांची लेखी मागावी आणि तिच्यात हॉस्टेल, मेस, गणवेश, परीक्षा फी व प्रॅक्टिकलच्या पोस्टिंगच्या हॉस्पिटलपर्यंतचा बसखर्च आहे का, हे विचारावे. हजेरीचे आम्ही बघून घेऊ म्हणणाऱ्या कॉलेजात तर पाऊल टाकू नये. इंजेक्शन द्यायला हात वॉर्डातच शिकतो. सल्ला नातेवाइकांपेक्षा रात्रपाळी करणाऱ्या एखाद्या स्टाफ नर्सला विचारावा, कारण तिने ती फी नुकतीच भरलेली असते.

घरची अडचण असली तरी घाबरून जाऊ नका. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेत सहसा तारण लागत नाही, आणि शिष्यवृत्तीसाठी लागणारा उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे स्थानिक महसूल कार्यालयातून, आधीच काढून ठेवता येतो. जीएनएमनंतर दोन वर्षांचा पोस्ट बेसिक कोर्स करून बी.एस्सी.ची पदवी मिळते. एकूण एक वर्ष जास्त जाते, पण मधल्या काळात पगार सुरू होतो. एम्सच्या नर्सभरतीच्या नॉरसेट परीक्षेला जीएनएमवाल्यांना किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो, म्हणून नोकरी सोडताना अनुभवाच्या दाखल्यावर खाटांची संख्या लिहून घ्यावी. मी पहिल्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी आईच्या पाटल्या सोडवल्या आणि आता पोस्ट बेसिकचा अर्ज भरते आहे. या वेळी कॉलेजात ठेवायला झेरॉक्स प्रतीच देणार आहे. मूळ कागद दाखवून झाले की घरच्या पेटीत राहतील.