बुद्येयोवित्सेत शिकायला येताय? पाण्याच्या मागे मागे चला

मी रत्नागिरीची. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून शिकून पीएचडीसाठी चेक प्रजासत्ताकातल्या दक्षिण बोहेमियात आले. दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये मला फोन येतात, "ताई, गाव कसं आहे? कुठे फिरायचं? खर्च किती?" प्रत्येकाला तेच सांगते, तेच इथे लिहिते.

गावाचं नाव चेस्के बुद्येयोवित्से. व्ल्तावा आणि माल्शे या दोन नद्यांच्या संगमावर प्रशेमिस्ल ओताकार दुसरा या राजाने १२६५ मध्ये ते वसवलं. दक्षिण बोहेमिया विद्यापीठ मात्र १९९१ चं. ते आणि बरीचशी वसतिगृहं नदीपलीकडे च्तिरशी द्वोरी भागात आहेत. तिथून गावाच्या मुख्य चौकापर्यंत चालत वीस-पंचवीस मिनिटं लागतात. त्यामुळे खोली शोधताना चौकाजवळच हवी असा हट्ट धरू नका, तिथलं भाडं उगाच जास्त पडतं.

फिरण्याआधी दोन कामं उरका. आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंद करायची असते. ती आधी, सिमकार्ड नंतर. माझ्याबरोबर आलेल्या एका मुलीला घरमालकाने राहत्या जागेचा सही केलेला कागद द्यायला आठवडा लावला आणि बिचारीची फार धावपळ झाली. तो कागद भारतातून निघण्याआधीच मागून घ्या. दुसरं काम म्हणजे आयसिक (ISIC) कार्ड, म्हणजे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी ओळखपत्र. २६ वर्षं पूर्ण होईपर्यंत विद्यार्थ्यांना देशांतर्गत रेल्वे आणि बसचं तिकीट निम्म्या दरात मिळतं, पण कार्ड दाखवावं लागतं.

आता गाव. पहिल्या रविवारी स्टेशनपासून सुरुवात करा. समोरचा लान्नोवा रस्ता सरळ धरला की पंधरा मिनिटांत मोठा चौक येतो. ज्या लान्ना घराण्याचं नाव या रस्त्याला आहे, त्यांचा धंदा नदीवरच्या होड्यांचा. ऑस्ट्रियातलं मीठ डोंगर ओलांडून इथे यायचं आणि होड्यांत भरून व्ल्तावेतून प्रागला जायचं. त्या मिठासाठीच लिन्झपर्यंत घोड्यांनी ओढायची रेल्वे टाकली. १८३२ मध्ये ती पूर्ण झाली, युरोप खंडावरच्या अगदी सुरुवातीच्या रेल्वेंपैकी एक. आपल्याकडे बोरीबंदर-ठाणे गाडी धावली त्याच्या एकवीस वर्षं आधी!

चौक जवळजवळ अचूक चौरस आहे. चारी बाजूंना कमानींचे ओटे आहेत, पावसात छत्री नसली तरी अख्खी फेरी कोरड्या अंगाने होते. मधलं सॅमसनचं कारंजं अठराव्या शतकातलं. नदीचं पाणी गावाला मिळावं म्हणून ते बांधलं, शोभा नंतरची. त्याच्या आसपास फरसबंदीत क्रूस कोरलेला एक दगड शोधा. जुन्या फाशीच्या जागेची ती खूण. रात्री त्यावरून पाय टाकणाऱ्याला घरची वाट सापडत नाही, असं इथले लोक सांगतात. कोपऱ्यातला काळा मनोरा ७२ मीटर उंच आहे, पायऱ्या २२५. चढाच. वरून दोन्ही नद्या कुठून येतात ते एकदा बघितलं की गावात पुन्हा कधी चुकायला होत नाही. ऑगस्ट २००२ मध्ये याच दोन नद्या गावात शिरल्या होत्या. चिपळूण-महाडचा पूर पाहिलेल्या माणसाला त्याबद्दल वेगळं सांगायला नको.

गावातली पेन्सिल घ्यायला विसरू नका. हार्टमुटचा कारखाना १८४८ मध्ये व्हिएन्नाहून इथे आला आणि पुढे त्यांच्या पिवळ्या पेन्सिलीला आपल्या कोहिनूर हिऱ्याचं नाव मिळालं. घरी न्यायला याहून स्वस्त आणि चांगली भेट मला सापडलेली नाही.

खाण्याचं थोडक्यात. विद्यार्थ्यांच्या खानावळीला मेंझा म्हणतात, दुपारचं जेवण तिथेच करा. शाकाहारी असाल तर तळलेलं चीज आणि बटाट्याचं थालीपीठ, म्हणजे ब्रांबोराक, यावर बरेच दिवस निघतात. कुलायदा मात्र जरूर चाखा. बटाटा, मशरूम, शेपू आणि आंबट साय घातलेलं इथलं खास सूप, वरून एक अंडं. शेपू न आवडणाऱ्यांनाही ते आवडलेलं मी पाहिलंय. कुणाच्या घरी बोलावलं तर बूट दाराशीच काढायचे. आपल्यासारखंच.

बाहेर पडायचं तर आधी ह्लुबोका. व्ल्तावेच्या काठाने सायकलचा सपाट रस्ता आहे, दहा-एक किलोमीटर. वर पांढराशुभ्र किल्ला, श्वार्झेनबर्ग घराण्याने एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या विंडसरच्या धर्तीवर नव्याने घडवलेला. सोमवारी जाऊ नका, किल्ले बहुतेक बंद असतात. मी पहिल्यांदा सोमवारीच गेले होते आणि बंद दार बघून परत आले.

चेस्की क्रुमलोव सगळेच करतात. १९९२ पासून जागतिक वारसा आहे आणि नदीने गावाला घातलेला वळसा खरंच बघण्यासारखा आहे. फक्त उन्हाळ्यात दुपारी गर्दीत जाऊ नका. नोव्हेंबरात जा, किंवा सकाळच्या पहिल्या बसने. रेल्वे स्टेशन गावाबाहेर टेकाडावर आहे, बसथांबा जवळ पडतो. त्याहून चांगलं म्हणजे उन्हाळ्यात चौघं-पाचजण मिळून होडी भाड्याने घ्या आणि वरून विशी ब्रोदपासून वल्हवत क्रुमलोवला या. पाण्यावर समोरून येणारा प्रत्येकजण "अहोय" म्हणतो, तुम्हीही म्हणायचं. लाइफ जॅकेट घालाच, बंधाऱ्यांपाशी पाणी दिसतं त्याहून जोरात ओढतं. होलाशोवित्से हे तळ्याभोवतीच्या जुन्या शेतकरी घरांचं गाव अर्ध्या दिवसात होतं.

पण मला विचाराल तर सगळं सोडून आधी त्रशेबोनला जा. थेट बस मिळते. भोवताली दलदल होती, तिथे पाचशे वर्षांपूर्वी माणसांनी तळी खोदली. श्त्येपानेक नेतोलित्स्की याने १५०५ ते १५२० या काळात अठ्ठेचाळीस-एक किलोमीटरचा पाट काढला, सोनेरी पाट म्हणतात त्याला. एकामागून एक तळी त्याने भरतात, पंपाशिवाय, नुसत्या उतारावर. आजही. मग याकुब क्रचिनने १५९० पर्यंत रोझ्म्बेर्क तलाव बांधला, साधारण ४९० हेक्टरांचा, देशातला सगळ्यात मोठा मत्स्यतलाव. मातीच्या बांधावर जुने ओक उभे आहेत, त्यांच्या मुळांनी बांध धरून ठेवलाय. २००२ च्या पुरात हा बांध टिकला. पाटबंधारे, सिव्हिल, शेती, काहीही शिकत असाल तरी या बांधावरून एकदा चालून या.

ऑक्टोबरात इथे वीलोव असतो, तलावाची मासेमारी. आधी कित्येक दिवस मोरीतून पाणी सोडत आणतात, मासे खोलगट भागात गोळा होतात. मग पहाटे धुक्यात रबरी कपड्यातली माणसं जाळं ओढायला लागतात. मला थेट आमच्या किनाऱ्यावरची रापण आठवली. तीच ओळीने धरलेली दोरी, तोच एका सुरातला ओरडा, फक्त समुद्राऐवजी मांडीएवढा थंड चिखल. जाळं आवळत आलं की पाणी अक्षरशः उकळल्यासारखं दिसतं. मासा ओळखीचाच निघतो, आपल्या धरणांवर ज्याला सायप्रिनस म्हणतात तोच, म्हणजे कार्प. काठावर तळलेले तुकडे विकतात. गमबूट आणि लोकरीची टोपी न विसरता न्या, सकाळी बोटं बधिर होतात.

पकडलेला मासा लगेच बाजारात जात नाही. तो स्वच्छ वाहत्या पाण्याच्या हौदांत ठेवतात, म्हणजे चिखलाचा वास जातो. नाताळच्या तीन-चार दिवस आधी रस्त्यारस्त्यावर टब मांडले जातात. विक्रेता टोपलीच्या जाळ्याने मासा उचलतो, तुमच्यासमोर तोलतो, सांगितलंत तर साफ करून देतो. त्याच्याकडून दोन-चार मोठे खवले मागून घ्या. नखाएवढे असतात, उजेडात धरले तर झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात. वर्षभर पैसा टिकावा म्हणून इथले लोक असा खवला पाकिटात ठेवतात. माझ्याही पाकिटात आहे एक.

या माशाला बारीक दुशाखी काटे फार. म्हणून तुकड्यांना जवळजवळ चिरा पाडून घ्या, तळताना काटे कुरकुरीत होतात. कालवण करायचं असेल तर डोकं वेगळं मागा, नारळाच्या दुधाचा डबा दुकानात मिळतो. तिरफळं आणि आमसुलं मात्र घरून आणा.