खान्देशातील हॉटेले, मंगल कार्यालये आणि फळविक्रेत्यांनी अन्नाची नासाडी कशी कमी करावी

अन्नाची नासाडी थांबवू इच्छिणाऱ्या व्यावसायिकाने सर्वांत आधी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी एक वजनकाटा आणि एक वही ठेवावी. भाजी निवडताना निघालेला कचरा, शिजवूनही न वाढलेले अन्न आणि ताटात टाकलेले उष्टे हे तीन वेगळ्या बादल्यांत गोळा करून रोज रात्री त्यांचे वजन लिहावे, कारण या तिन्हींची कारणे वेगळी आहेत आणि उपायही वेगळे आहेत. घंटागाडीत सगळे एकत्र गेले, तर चूक खरेदीत होती, अंदाजात होती की वाढण्यात, हे मालकाला कधीच कळत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभर सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातील सुमारे ६० टक्के घरांतून, २८ टक्के खानपान व्यवसायातून आणि १२ टक्के किरकोळ दुकानांतून गेले. म्हणजे जवळजवळ ४० टक्के भाग व्यावसायिकांच्या हातात आहे.

आपल्याकडे सर्वांत मोठी संधी लग्नाच्या स्वयंपाकात आहे. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी असा बेत असेल, तर बट्ट्या वाफवून किंवा उकडून तयार ठेवाव्यात. मात्र त्या कापून तळण्याचे काम पंगत बसेल तसे करावे. न तळलेल्या बट्ट्या झाकून, वेळेत थंड करून ठेवल्यास दुसऱ्या दिवशीही कामी येतात, तर तळून तुपात भिजलेल्या बट्ट्यांना नंतर कोणी विचारत नाही. वरणही एकाच मोठ्या हंड्यात न करता दोन टप्प्यांत शिजवावे आणि दुसरा हंडा चुलीवर चढवण्यापूर्वी मांडवातील माणसे मोजावीत. किती लोक येतील याचा अंदाज यजमान नेहमी वाढवून सांगतो, कारण अन्न कमी पडल्याची लाज त्याला उरलेल्या अन्नापेक्षा मोठी वाटते. म्हणून डाळ, पीठ आणि भाजीचा कच्चा साठा हाताशी ठेवण्याची हमी आचाऱ्याने त्याला द्यावी. कच्चा माल परत नेता येतो, शिजलेला नेता येत नाही. आग्रहाची पद्धत मोडण्याची गरज नाही, परंतु पहिली वाढ लहान आणि दुसरी मागेल तितकी, हे वाढप्यांना आधीच सांगून ठेवावे.

हॉटेलांत शेवभाजीचा रस्सा आणि शेव नेहमी वेगळे ठेवावेत व ऑर्डर आल्यावरच शेव घालावी. उरलेला रस्सा खोल पातेल्यात तसाच ठेवला तर तो आतून तासन्‌तास कोमट राहून आंबतो. तो उथळ भांड्यांत ओतून लवकर थंड करावा, फ्रीजमध्ये ठेवावा आणि वापरताना पूर्ण उकळी आणावी.

अन्नदानाचा विचार मात्र घड्याळ पाहूनच करावा लागतो. ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जिवाणू वेगाने वाढतात. शिजलेले अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांहून अधिक उष्ण असेल तर एका तासापेक्षाही नाही, असा सर्वमान्य नियम आहे. जळगाव, भुसावळ, धुळे येथील मे महिन्याचा पारा पाहता आपल्याकडे हा एक तासच धरावा. त्यामुळे कार्यक्रम संपल्यावर संस्था शोधत बसण्यात अर्थ नाही. नेणारी संस्था, गाडी, झाकणाचे डबे आणि वेळ आदल्या दिवशीच ठरवावी. द्यायचे अन्न वाढप सुरू होण्यापूर्वी किंवा मध्येच बाजूला काढून ६० अंशांच्या वर गरम ठेवावे आणि डब्यावर शिजवल्याची वेळ लिहावी. भातात विशेष काळजी घ्यावी, कारण त्यात वाढणाऱ्या एका जिवाणूचे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. ताटातले उष्टे कोणत्याही माणसाला देऊ नये. ज्याला आपण जेवू घालतो त्याचा मान आपल्या पाहुण्याइतकाच आहे. अतिरिक्त अन्नाच्या वाटपासाठी भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचे २०१९ चे नियम आहेत, ते संस्थेबरोबर एकदा वाचून घ्यावेत.

फळविक्रेत्यांनी केळी १३ अंशांच्या खाली ठेवू नयेत, अन्यथा साल काळी पडते आणि आतून चांगले असलेले फळही गिऱ्हाईक नाकारते. फणीतून सुटलेली केळी वेगळ्या टोपलीत कमी दरात मांडावीत आणि जास्त पिकलेली त्याच सकाळी रसवंती किंवा आइस्क्रीमवाल्याकडे पोहोचवावीत.

एवढे करूनही जो ओला कचरा उरेल त्याचे खत करावे. त्यासाठी लागणारा कोरडा पालापाचोळा शहरात मिळाला नाही, तरी कापसाच्या पऱ्हाट्यांचा भुसा आसपासच्या शेतांतून सहज आणता येतो. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर त्याचा एक थर द्यावा. खड्ड्याला वास येऊ लागला, तर ओल जास्त झाली असे समजून भुसा वाढवावा आणि ढीग वर-खाली करावा.